संगणकाचा पडदा आणि टेलचा शेतकरी

भंडारदऱ्याच्या धरणातून सुटलेले पाणी श्रीरामपूर-राहुरीकडच्या शेवटच्या चारीला पोहोचणार की नाही, हे केवळ धरणातील साठ्यावरून ठरत नाही. १९२६ साली पूर्ण झालेल्या या विल्सन धरणाची साठवण सुमारे ११ टीएमसी. ते पाणी प्रवरेच्या पात्राने रंध्याचा कडा उतरते, निळवंड्याच्या जलाशयातून पुढे जाते आणि ओझरच्या बंधाऱ्यापाशी डाव्या-उजव्या कालव्यांत शिरते. तेथून पुढचा कारभार माणसांचा. सात नंबरचा अर्ज, पाटकऱ्याची नोंद, आवर्तनाच्या तारखा आणि शेजपाळीचा क्रम असा हा संथ, कागदी आणि पुष्कळदा चीड आणणारा कारभार आहे. एखाद्याने रात्री पाटात परस्पर पाइप टाकून मोटार लावली, तर त्याचा ऊस दोन दिवस आधी भिजतो, यात शंका नाही. त्याचा वेळ वाचतो, खेपा वाचतात, आणि त्या रात्री तरी कोणाचे काही बिघडल्याचे दिसत नाही. बिघडते ते खाली, कित्येक कोसांवर, टेलच्या शेतकऱ्याच्या पाळीला. आणि आपली पाळी नेमकी कोणी बुडविली हे त्या बिचाऱ्याला कधीच कळत नाही.

पाटबंधारे खात्याला ही गोष्ट पिढ्यान्पिढ्या ठाऊक आहे. आपल्या महाविद्यालयांतील संगणक-अभ्यासक्रमाला मात्र ती अद्याप उमगलेली दिसत नाही. पाटाचा आणि संगणकाचा काय संबंध, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. संबंध आहे तो एका जुन्या आणि विद्यार्थ्यांत अजून लोकप्रिय असलेल्या युक्तीचा: डॉस या प्रणालीखाली ‘सी’ भाषेत प्रोग्रॅम लिहिताना कोणालाही न विचारता थेट पडद्याच्या स्मृतीत, म्हणजे व्हिडिओ मेमरीत, अक्षरे टाकण्याचा.

ही युक्ती काय आहे ते आधी नीट समजून घ्यावयास हवे, कारण तिच्यातील चातुर्य खरोखरच मोहक आहे. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याचा प्रक्रियक इंटेलचा ८०८८; त्याला एकूण १ मेगाबाइट स्मृतीचे पत्ते ठाऊक असत. त्यांपैकी पहिले ६४० किलोबाइट प्रोग्रॅमांसाठी, आणि त्यावरचा भाग पडदा वगैरे उपकरणांसाठी राखलेला होता. रंगीत पडद्याचा मजकूर ज्या जागी राही, तिचा पत्ता संगणकाच्या षोडशमान पद्धतीत बी-८००० असा लिहितात. आपल्या दशमान पद्धतीत तो होतो ७,५३,६६४. पडद्यावर २५ ओळी आणि प्रत्येक ओळीत ८० घरे, म्हणजे एकूण २,००० घरे. प्रत्येक घरासाठी दोन बाइट: पहिल्यात अक्षराचा क्रमांक, दुसऱ्यात त्याचा रंग. एकूण हिशेब अवघ्या ४,००० बाइटांचा. पडदा चालविणारे कार्ड ही जागा अखंड वाचत राही आणि तिथे जे काही असेल ते काचेवर उमटवी. याचा अर्थ असा की, त्या जागेत जो अंक ठेवील त्याचे अक्षर तत्क्षणी पडद्यावर दिसणार. पहिला बाइट ६५ केला की डाव्या कोपऱ्यात इंग्रजी ‘ए’ उमटे. दुसरा ७ असला तर तो साधा, ११२ केला तर उलट्या रंगात, १३५ केला तर लुकलुकता. मधल्या ओळीच्या मध्यावर लिहावयाचे तर ओळीच्या क्रमांकाला ८० ने गुणावे, त्यात घराचा क्रमांक मिळवावा आणि दुप्पट करावी. सी भाषेतील पॉइंटर त्या पत्त्यावर रोखला की एका ओळीच्या आज्ञेत काम फत्ते!

याउलट राजमार्ग लांबचा होता. प्रोग्रॅमने डॉसला विनंती करावयाची, डॉसने ती यंत्राच्या मूळ चिपेत कायमच्या कोरलेल्या बायॉस नामक आज्ञासंचाकडे पाठवावयाची, बायॉसने कोणता पडदा जोडला आहे, कर्सर कोठे आहे हे पाहावयाचे आणि मग ते अक्षर त्याच व्हिडिओ मेमरीत ठेवावयाचे. प्रत्येक अक्षरासाठी हीच प्रदक्षिणा. ८०८८ची घटिका सेकंदाला ४७ लाख ७० हजार ठोके देई. आजच्या खिशातल्या फोनपुढे ती बैलगाडीच होय. त्या यंत्रावर राजमार्गाने पान भरताना ओळीमागून ओळ उतरताना डोळ्यांना दिसे; थेट लिहिले की पान क्षणात उभे राही. ज्यांनी हा फरक प्रत्यक्ष पाहिला, त्यांनी आडवाट का धरली हे सांगावयास नको. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल. किंबहुना टर्बो सी या १९८७ साली आलेल्या बोरलँड कंपनीच्या प्रसिद्ध कंपायलरने ती आडवाट राजमार्गासारखीच फरसबंद करून दिली होती. त्यात ‘डायरेक्टव्हिडिओ’ नावाचा एक चल असे. तो १ असला की पडद्यावर लिहिणारी ‘सीप्रिंटएफ’सारखी काही फंक्शने बायॉसला वळसा घालून थेट लिहीत, आणि मुळात तो १ च ठेवलेला असे. म्हणजे आपण आडवाटेने चाललो आहोत याची वार्ताही न लागता हजारो जण त्या वाटेने गेले.

बाजारपेठेने या वेगाची किंमत ताबडतोब मोजली. जानेवारी १९८३ मध्ये बाजारात आलेला लोटस १-२-३ हा हिशेबाच्या तक्त्यांचा प्रोग्रॅम थेट पडद्याच्या स्मृतीत लिही आणि त्याचा झपाटा हे त्याच्या यशाचे एक मोठे कारण होते. परंतु त्याचा एक परिणाम असा झाला की, डॉस चालविणारी पण आतली रचना थोडी निराळी असणारी इतर कंपन्यांची यंत्रे त्याच्यापुढे हतबल ठरली. डॉस तेच, आज्ञा त्याच. परंतु पडद्याची स्मृती ठरल्या पत्त्यावर नाही म्हणून प्रोग्रॅम चालेना. पुढे नवे यंत्र ‘आयबीएमसारखे’ आहे की नाही याची कसोटी म्हणून लोटसच चालवून पाहू लागले. जो पत्ता आयबीएमच्या अभियंत्यांनी सोयीसाठी निवडला होता, तो असंख्य प्रोग्रॅमांत ठोकून बसविला गेल्यामुळे कोणालाही हलविता येईनासा झाला. आणि स्मृती स्वस्त झाल्यावरही डॉसचे प्रोग्रॅम वर्षानुवर्षे ६४० किलोबाइटांच्या खोलीत कोंडलेले राहिले, त्याचे एक कारण हेही होते. एकेकाने वाचविलेल्या क्षणांची बेरीज अशी सर्वांच्या भिंतीत रूपांतरित झाली.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवीन काही नाही. व्यवहार करणाऱ्या दोघांच्या हिशेबात न येणारा आणि तिसऱ्याच्या अंगावर पडणारा खर्च, म्हणजे बाह्य खर्च, ही त्या शास्त्रातील जुनीच संकल्पना होय. योगायोग असा की, असा हिशेब कसा मांडावा याचा एक नामांकित मराठी धडा याच प्रवरेच्या काठी गिरविला गेला. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली. तिचा अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला. पाणीपट्टी किती जमली एवढ्यावर कालवा तोट्यात की नफ्यात हे ठरविता येत नाही, त्याचे फळ ज्यांच्या पदरात पडते त्या सर्वांपर्यंत हिशेब न्यावा लागतो, हा त्यामागील विचार होता. तोच विचार उलट्या बाजूने लावला तर पडद्याच्या आडवाटेचा हिशेबही वेग मिळालेल्यांपाशी थांबत नाही. तो टेलपर्यंत न्यावा लागतो. आणि या पाटाच्या टेलला, दुर्दैवाने, मराठी भाषा होती.

हे कसे, ते पाहण्यासारखे आहे. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ साली संमत झाला. कचेऱ्यांत मराठी आली, टंकलेखन यंत्रेही आली. १९८०च्या दशकात संगणक टेबलावर येऊन बसला तेव्हा मराठी अक्षर त्याच्या पडद्यावर उमटावे ही अपेक्षा अवाजवी नव्हती. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ नावाची मानक संकेतावली तयार झाली. भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली तिला अधिकृत रूप दिले. तिच्यात पहिले १२८ क्रमांक इंग्रजीचे आणि पुढच्या १२८ मध्ये भारतीय अक्षरे, अशी योजना होती. त्यानुसार ‘अ’ चा क्रमांक १६४. आता हा १६४ एखाद्याने नेहमीच्या यंत्रावर थेट व्हिडिओ मेमरीत ठेवला, तर पडद्यावर काय दिसे? ‘अ’ नव्हे, तर डोक्यावर नागमोडी रेघ असलेला स्पॅनिश भाषेतील ‘एन’! कारण कार्डाच्या पोटातील अक्षरचित्रे अमेरिकेत ठरली होती आणि मध्ये अर्थ लावणारा कोणी नव्हता. ‘कि’ हे अक्षर तर याहून मौजेचे. इस्कीत त्याचे दोन अंक: ‘क’ चा १७९ आणि ऱ्हस्व वेलांटीचा २१९. आयबीएमच्या यंत्रात १७९ म्हणजे उभी रेघ आणि २१९ म्हणजे भरीव ठोकळा. उलट बाजूही तितकीच विनोदी. इंग्रजी प्रोग्रॅम पडद्यावर ज्या आडव्या रेघांनी चौकटी आखीत, त्या रेघेचा क्रमांक १९६. आणि इस्कीत १९६ म्हणजे ‘द’. म्हणजे एकाची चौकट दुसऱ्याला ‘दददददद’ अशी वाचावी लागणार.

हसण्याची बाब सोडून दिली तरी अडचण खोल होती. देवनागरीत वेलांटी नंतर उच्चारली जाते पण आधी काढली जाते. मात्रा वर चढतात, उकार खाली उतरतात, जोडाक्षरे एकमेकांत मिसळतात. ‘एक घर, एक अंक, एक अक्षर’ हा हिशेब तिला लागूच पडत नाही. त्यासाठी अंक आणि आकृती यांच्यामध्ये समजूतदार मध्यस्थ लागतो. प्रोग्रॅम जर रीतसर बायॉसच्या दारातून जात असते, तर त्या दारात मराठी जाणणारा पहारेकरी बसविणे शक्य होते: आलेले अंक त्याने अडवावेत, जुळवावेत आणि चित्र-पडद्यावर अक्षर रेखाटावे. परंतु लोकप्रिय प्रोग्रॅम दारातून येतच नव्हते. भिंतीवरून उडी मारून थेट माजघरात उतरत होते. पहाऱ्याला बसवून उपयोग काय?

तेव्हा उपाय निघाला तो यंत्राच्या पोटात शिरून. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेल्या आणि पुढे १९८८ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅक संस्थेत वाढलेल्या संशोधनातून ‘जिस्ट’ तंत्र आकाराला आले. या कामात मोहन तांबे यांचे नाव अग्रभागी घेतले जाते. जिस्ट कार्ड संगणकाच्या आतील खाचेत बसवावयाचे. मग मजकुराच्या पडद्यावर चालणारे तयार इंग्रजी प्रोग्रॅमही भारतीय लिप्यांत वापरता येत. प्रोग्रॅम बदलावयास नको. पडद्याच्या बाजूलाच अंकांचा अर्थ लावण्याची सोय झाली. सरकारी पैशातून, सार्वजनिक संस्थेत झालेले हे काम भारतीय संगणकाच्या इतिहासातील एक मोलाचे काम आहे, यात दुमत नसावे. तथापि त्याच्या आर्थिक बाजूकडे डोळेझाक करता येत नाही. इंग्रजीत पत्र लिहिणाऱ्या कारकुनाच्या यंत्राला हे कार्ड लागत नसे. मराठीत लिहिणाऱ्याच्या यंत्राला ते वेगळे विकत घ्यावे लागे. तो भाषेवरचा अघोषित करच होता. सगळा दोष आडवाटेचा होता असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. आठ ठिपके रुंदीच्या त्या घरांत देवनागरी सुबक बसणे कठीणच होते, आणि चित्र-पडदे महाग होते. पण यंत्रे सुधारल्यावरही केवळ प्रोग्रॅम बदलून सुटावयाचा प्रश्न कार्डावाचून सुटेना, याला ती भिंतीवरची उडी मोठ्या अंशी जबाबदार होती.

जपानचे उदाहरण या संदर्भात उद्‌बोधक आहे. तेथेही चित्रलिपीसाठी आरंभी खास यंत्रे होती. एनईसी कंपनीची १९८२ची यंत्रमालिका त्यांत प्रमुख. पुढे १९९० साली आयबीएमच्या जपानी शाखेने ‘डॉस-व्ही’ आणले. साध्या व्हीजीए पडद्यावर, वेगळ्या कार्डाशिवाय, केवळ प्रोग्रॅमच्या बळावर जपानी अक्षरे उमटविण्याची ती योजना. तिच्यातील एक तडजोड मनोज्ञ आहे. थेट लिहिण्यास तिने सरसकट बंदी केली नाही. प्रोग्रॅमने आधी ‘कोठे लिहू?’ असे विचारावे, प्रणाली त्याला एक जागा दाखवील. तेथे त्याने मनसोक्त वेगाने लिहावे आणि झाल्यावर ‘लिहिले’ एवढे कळवावे. मग प्रणाली ते वाचून पडद्यावर रेखाटील. ही विचारणा करण्याची रीत १९८५च्या टॉपव्ह्यू या आयबीएमच्याच प्रणालीतून घेतलेली होती. म्हणजे पाणी मिळतेच, भरपूर मिळते. फक्त पाटकऱ्याच्या वहीत नोंद होते. दोन आज्ञांची ही शिस्त जे प्रोग्रॅम पाळीत त्यांना जपानी अक्षर कार्डावाचून लाभे. आपल्याकडे अशी शिस्त सर्वमान्य होण्याआधीच डॉसचे युग ओसरले.

ही आडवाट मराठी मुलुखात विद्या म्हणून कशी रुजली, तेही सांगावयास हवे. नागपूरच्या यशवंत कानेटकर यांच्या ‘लेट अस सी’ या पुस्तकावर भारतातील संगणक-विद्यार्थ्यांच्या पिढ्या वाढल्या. त्यांचे ‘रायटिंग टीएसआर्स थ्रू सी’ हे पुस्तक स्मृतीत दडून बसणाऱ्या प्रोग्रॅमांवर होते. एक कळ दाबताच दुसऱ्या प्रोग्रॅमच्या डोक्यावर घड्याळ किंवा गणकयंत्र उभे करणारे हे प्रोग्रॅम. डॉस एका वेळी एकच विनंती हाताळू शकत असल्यामुळे त्यांना व्हिडिओ मेमरीत थेट लिहिण्यावाचून फारसा पर्याय नसे. महागडी परदेशी पुस्तके ज्यांना परवडत नव्हती, अशा लहान गावांतल्या मुलांना या पुस्तकांनी यंत्राचे पोट उघडून दाखविले. संगणक म्हणजे जादू नव्हे, पत्ते आणि अंक यांचा खेळ आहे, हा विश्वास त्यांना दिला. हे ऋण मोठे आहे. प्रश्न पुस्तकांचा नाही. ज्या काळासाठी ती लिहिली गेली तो काळ सरल्यावरही प्रयोगशाळेचे घड्याळ तेथेच थांबले, हा आहे.

आज अकोल्यात किंवा राजूरला शिकणारा मुलगा ज्या यंत्रापुढे बसतो, त्यावरील ६४ बिटांची विंडोज जुने डॉस प्रोग्रॅम मुळी चालवीतच नाही. म्हणून टर्बो सी चालविण्यासाठी डॉसबॉक्स नावाचा, जुन्या यंत्राचे सोंग घेणारा प्रोग्रॅम बसवितात, आणि अनेक महाविद्यालयांत निळ्या पडद्यावरचे प्रात्यक्षिक सुखाने चालू राहते. विद्यार्थी बी-८००० या पत्त्यावर लिहितो. पण ती व्हिडिओ मेमरी खोटी, नाटकातील विहिरीसारखी. हीच आज्ञा त्याने आजच्या प्रणालीवर चालवून पाहिली, तर प्रणाली त्याचा प्रोग्रॅम तत्काळ बंद करील. दुसऱ्याच्या स्मृतीत हात घालू न देणे हे आता तिचे पहिले कर्तव्य आहे. आणि एकाच यंत्रावर बँकेचे खाते, परीक्षेचा अर्ज आणि अनोळखी खेळ एकत्र नांदत असताना ते तसेच असावयास हवे. पुढे पुण्यास किंवा नाशिकला मुलाखतीला गेल्यावर त्या मुलाला कळते की, आपण ज्याला सी समजत होतो त्यातले ‘फार पॉइंटर’, ‘कोनिओ’, ‘क्लिअर स्क्रीन’ हे काही सी भाषेच्या १९८९च्या मानकात नव्हतेच. ती एका कंपनीच्या एका काळातील सोय होती. डेनिस रिची यांनी १९७२च्या सुमारास घडविलेली ही भाषा युनिक्स प्रणालीला एका यंत्राच्या बंधनातून सोडविण्यास कारणीभूत ठरली, हे आठवले म्हणजे यातील उपरोध अधिकच जाणवतो.

तथापि नोकरीपेक्षाही चिंतेची गोष्ट निराळी आहे. कालबाह्य आज्ञा विसरता येतात. त्यांच्याबरोबर मनात बसलेली गृहीतके सहसा जात नाहीत. अक्षर म्हणजे एक घर, एक घर म्हणजे एक बाइट, हे त्यांतील सर्वांत चिवट गृहीतक. १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली; तिच्यातील देवनागरीचा विभाग इस्कीच्याच आधारे आखलेला आहे. आज सर्वत्र प्रचलित असलेल्या युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक संकेताला तीन बाइट लागतात. ‘भंडारदरा’ हेच नाव घ्या. त्यात भ, अनुस्वार, ड, काना, र, द, र, काना असे आठ संकेत आहेत. म्हणजे २४ बाइट. निळ्या पडद्यावर शिकलेल्या विद्यार्थ्याने सवयीने गावाच्या नावासाठी २० बाइटांची जागा राखली, तर शेवटची खूण वगळून उरतात १९. रोमन लिपीतले भंडारदऱ्याचे नाव अकरा अक्षरांत आरामात बसते. मराठी नावाचे मात्र सहा संकेत पूर्ण बसतात, सातव्याचा एक तुकडा आत शिरतो, आणि छापून येते ‘भंडारद’, पुढे एक निरर्थक चौकोन. मुलाची चूक म्हणावी, तर त्याला कोणी सांगितले होते? त्याच्या दोन वर्षांच्या प्रात्यक्षिकांत मराठी अक्षर एकदाही आलेले नसते. धरण उशाला आणि कोरड घशाला म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

ज्या कारकुनांनी गेल्या तीस वर्षांत मराठी टंकलेखन केले, त्यांना या आडवाटेची विंडोजमधील धाकटी बहीण चांगलीच परिचित आहे. मानक संकेत बाजूला ठेवून इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकृत्या बसविणारे फॉन्ट घरोघर, कचेरीकचेरीत वापरले गेले. काम झटपट झाले, छपाई देखणी झाली. मात्र तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तेच पत्र उघडले की इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा समोर येतो. त्यात शब्द शोधता येत नाही, यादी अकारविल्हे लावता येत नाही. तेथेही अर्थाऐवजी आकृती थेट कागदावर उतरविण्याचीच घाई होती, आणि ती जुनी कागदपत्रे पुन्हा युनिकोडमध्ये आणण्याचे किचकट काम आता दुसऱ्याच कोणाच्या तरी माथी आले आहे.

यावर अध्यापकांचे आक्षेप ठरलेले आहेत आणि त्यांत तथ्य नाही असे नाही. प्रयोगशाळेतील यंत्रे जुनी आहेत, प्रात्यक्षिकांच्या वह्या छापून तयार आहेत, परीक्षक त्याच प्रश्नांची अपेक्षा करतात. शिवाय टर्बो सी लहान आहे, ते चटकन उघडते आणि पहिल्या तासालाच पडद्यावर काहीतरी हलताना दिसले की मुलांचा उत्साह वाढतो. हे शेवटचे कारण सर्वांत प्रामाणिक आहे. परंतु पैशाची सबब टिकत नाही. जीसीसी हा कंपायलर १९८७ पासून मोफत उपलब्ध आहे आणि जुन्या यंत्रांवर लिनक्ससह चालतो. खरी अडचण प्रश्नपत्रिकेची आहे. अभ्यास मंडळांनी मनावर घेतले तर ती एका बैठकीत दूर होऊ शकते.

थेट लेखनाचा पाठ अभ्यासक्रमातून हद्दपार करावा, असे येथे सुचवावयाचे नाही. उलट तो सी शिकविण्याच्या वर्गातून काढून संगणक-रचनेच्या वर्गात न्यावा आणि अधिक गांभीर्याने शिकवावा. एक दुपार डॉसबॉक्ससाठी जरूर राखावी. विद्यार्थ्याने प्रथम त्या २,००० घरांत आपले नाव रोमन लिपीत थेट लिहावे आणि त्यातला झपाटा अनुभवावा. मग तेच काम बायॉसमार्फत करावे व दोहोंना लागलेला वेळ वहीत नोंदवावा. नंतर १६४ हा अंक ठेवून ‘अ’ का उमटत नाही, हे स्वतःच्या शब्दांत लिहावे. शेवटी आजच्या प्रणालीवर, आजच्या कंपायलरने, आपल्या गावाचे नाव मराठीत वाचून घेणारा, त्याची लांबी बाइटांत आणि संकेतांत वेगवेगळी सांगणारा आणि जागा अपुरी पडल्यास अक्षर न तोडता थांबणारा प्रोग्रॅम लिहावा. चार प्रात्यक्षिकांचा हा संच कोणत्याही खर्चावाचून येत्या सत्रात लावता येईल, आणि तपासणाऱ्या परीक्षकाला ‘भंडारदरा’ हे नाव पूर्ण छापले गेले की नाही एवढेच पाहावे लागेल.